जुन्या गावठाणातली हजेरी

मी लातूरला बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, पहाटे पाचपासून घाण्याला जुंपलेला असतो. डिसेंबर २०११ मधली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होतं. शहराच्या झगमगाटात ते काय दिसणार? म्हणून जीप काढली, पाच पोरं कोंबली आणि निघालो. वर्गातली शिल्पा भूकंपग्रस्त भागातली. तिचं जुनं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात पडलं ते तसंच पडून होतं, टेकाडावर, एकाही दिव्याविना. ग्रहण बघायला याहून चांगली जागा नाही, असं मीच ठरवलं. दुर्बुद्धी, दुसरं काय!

वाटेत नव्या गावात तिच्या घरी थांबलो. वेध लागलेले, त्यामुळे चहापाण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या आईनं, गुणाबाईंनी, मला बाजूला बोलावलं.

"न्यायचं तर न्या सर. पण तिथं हिला नावानं हाक मारू नका."

"का हो काकू?"

"थोरलीचं नाव बी शिल्पाच होतं. सात वर्षांची होती. भूकंपात गेली. मग सरकारनं माझं पोरं बंद करायचं ऑपरेशन उलटं करून दिलं, तवा ही झाली. तेच नाव ठेवलं. गावात लई जणांनी तसंच केलंय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "एकदा गमावलीय, सर. आता ही एकच हाय."

मी मान डोलावली. आईचा जीव आहे, म्हटलं, चालायचंच.

टेकाडावर दगडांचे ढीग आणि बाभळी. बोचरी थंडी. सव्वासहाला चंद्राची कड काळवंडू लागली. मी जोरात शिकवत होतो, पृथ्वीची सावली, प्रकाशाचं वक्रीभवन वगैरे. साडेसात वाजून गेले आणि चंद्र पूर्ण बुडाला. तांब्याच्या जुन्या पैशासारखा उरला. शेजारच्याचं तोंड दिसेना. रातकिडेही गप्प झाले. आणि कुठूनसा वास आला, आत्ताच एखादं माळवद कोसळून माती उडावी तसा.

मला पोरांची काळजी वाटली. कुणी दगडांत धडपडलं तर? आणि घात झाला. क्लासमध्ये तासातासाला हजेरी घ्यायची माझी सवय. जीभ आपोआप चालू झाली.

"अबुजर?"

"हजर सर."

"सादिया?"

"हजर सर."

"शिल्पा?"

"हजर!"

आवाज दगडांखालून आला. लहान मुलीचा, पहिली-दुसरीतली पोरं ओरडतात तसा, पूर्ण दम लावून.

शिल्पा माझ्या शेजारी उभी होती. मी मोबाईलचा उजेड पाडला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"सर..." अबुजर कुजबुजला. "शिल्पा तर इथं हाय... मग कोण बोललं?"

माझं फिजिक्स तिथंच संपलं. "चला, जीपमध्ये बसा," एवढंच कसंबसं म्हणालो. उतरताना शिल्पानं माझं बोट धरलं. हात नाही, एक बोट. सोळा वर्षांची पोर, भ्यायली असेल, असं समजून मी धरू दिलं.

गुणाबाई दारातच उभ्या होत्या. शिल्पा उडी मारून उतरली, धावत गेली आणि आईपेक्षा उंच असूनही वाकून तिच्या कमरेला बिलगली.

"आई, बाबा गणपती बुडवून आले का गं?"

डिसेंबरात कसला गणपती? मला काही कळेना. पण गुणाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. भूकंप झाला ती विसर्जनाची रात्र होती, हे मला तेव्हा आठवलं.

"हेच... हेच इचारून थोरली झोपली होती," त्या पुटपुटल्या.

त्यांनी पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. केसांवरून, गालांवरून हात फिरवला. पटापट मुके घेतले आणि ढसाढसा रडल्या. मग एकाएकी थांबल्या. पोरीला तशीच कवटाळून त्यांनी जीपकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या सीटवर नजर फिरवली आणि माझ्याकडे वळल्या.

"ही तर आली, सर..." आवाज इतका खाली गेला होता की मला पुढं सरकावं लागलं. "माझी धाकटी कुठं ठेवलीत?"