शकीलाबीचा अरफा

एक हात कढईत आणि एक हात पोरीच्या कमरेला, असा हलवा करायचा कोणत्या पुस्तकात लिहिलंय, ते मुबीनाला एकदा बघायचं होतं. झारा थांबला की हरभऱ्याची डाळ बुडाला लागायची, आणि पोरगी सोडली की ती सरळ पिठाच्या डब्यात. अल्फिया अकरा महिन्यांची. दात येत होते, झोप येत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, झोपेच्या वेळा लिहून ठेवा. मुबीना लॅबमध्ये रक्त तपासायची, नोंदी ठेवायची सवय होतीच, तिने मोबाइलमध्ये रोज इमानदारीने लिहिलं होतं. दोन महिन्यांतली सर्वांत लांब झोप, एक तास दहा मिनिटं. त्या दिवशी बहुधा तिला सर्दीचं औषध दिलं होतं.

त्यात फेब्रुवारी. नंदुरबारच्या या टोकाला घराच्या मागची सगळी रानं म्हणजे मिरचीच्या पथाऱ्या. नजर जाईल तिथपर्यंत लाल मिरची वाळत घातलेली. वारा गावाकडे फिरला की अख्खी गल्ली खोकायची. अल्फिया खोकायची आणि मग रडायची. कधी कधी आधी रडायची.

आज बडी रात होती, शब-ए-बारात. वर्षभरात कोण जन्मणार, कोण जाणार ते या रात्री वर लिहिलं जातं. घरातले गेलेले लोक या रात्री घरी येतात. पुरुष कबरस्तानात जातात, बायका घरात जागून नमाज पढतात. मुबीनाची अम्मी, शकीलाबी, जुलैत गेली होती. अम्मीची ही पहिली बडी रात. मुबीनाला बाकी काही नको होतं, ही एक रात्र हवी होती. सात महिन्यांत अम्मीसाठी तिने धड एक दुआ मागितली नव्हती. दर वेळी मध्येच कोणीतरी रडलं होतं, आणि ते कोणीतरी नेहमी एकच होतं.

"मुबीना," सासू जैबूनबी उंबऱ्यात बसून उदबत्त्या सोडवत होत्या, "तुन्ही मायना अरफा व्हयना ना काल?"

मुबीनाचा झारा थांबला.

घरी सगळे अहिराणीच बोलत. पिंजाऱ्याचं घर, तीन पिढ्या गाद्या भरणारं. नमाज तेवढी अरबीत. अरफा म्हणजे बडी रातच्या आदल्या दिवशीची फातिहा, गेलेल्यांसाठीची दुआ. वर्षभरात जो कोणी गेला असेल, त्याच्या नावाने हलवा-रोटी ठेवून ती देतात. ती दिली की नवा मुर्दा जुन्या मुर्द्यांत मिसळतो, अशी समजूत.

"साबिर भाईनी करा असीन," ती म्हणाली.

"असीन म्हणजे? इचारं नही का तू?"

तिने नव्हतं विचारलं. गॅस बंद करून, पोरीला काखेत मारून तिने सुरतेला भावाला फोन लावला.

"अरफा?" साबिर म्हणाला. मागे यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. "मले वाटनं तू करशीन. तू गावमा शेस ना."

"अम्मीना आंडोर तू शेस का मी?"

"आते ते काय वं. आठे सूरतमा मौलाना सांगस, अरफा-बिरफाची काही गरज नही. दुआ मांग, बस."

"मग तू मांगी?"

"मन्ही शिफ्ट शे मुबी," साबिर म्हणाला आणि फोन ठेवला.

मुलाला वाटलं मुलगी करेल, मुलीला वाटलं मुलगा करेल, आणि तिच्या सासरच्यांना वाटलं, माहेरच्यांच्या कामात आपण कशाला बोला. असा त्या बाईचा अरफा राहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या मिरच्यांचे देठ खुडून जिने दोन्ही पोरांना शिकवलं, तिच्यासाठी कोणाला एक वाटीभर डाळ भिजत घालता आली नव्हती. मुबीनाला इतका संताप आला की तो नेमका कोणावर काढायचा हे ठरेना, म्हणून गॅस पुन्हा पेटवून तिने तो संताप कढईवर काढला. हलवा करपला.

"मंग आते काय व्हस?" तिने सासूला विचारलं. चेष्टेच्या सुरात विचारायचं होतं, पण तसं जमलं नाही.

जैबूनबींनी काडी ओढली. "ज्याना अरफा नही व्हस, त्याले बाकीना सोबत लेतस नही. तो दारबाहेर उभा ऱ्हास. कोनी बलावाले पाहिजे त्याले." मग सुनेचा चेहरा बघून म्हणाल्या, "जुमेरातले करी टाकू. उशिरना का व्हयना."

जुमेरात म्हणजे गुरुवार, परवाच. ठीक होतं.

रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर मुबीनाचा नवरा अश्पाक टोपी चढवून निघाला. "मी कबरस्तानमा जाई येस. मंग मशिदमाच शे रातभर." पोरीच्या गालाला बोट लावून तो गेलाही. रातभर इबादत करायची तर पुरुष व्हावं, मुबीनाच्या मनात आलं. जैबूनबी आतल्या खोलीत तसबीची माळ घेऊन बसल्या आणि साडेनऊला तिथेच घोरायला लागल्या. त्यांना एका कानाने तसंही कमीच ऐकू यायचं.

मुबीनाने अल्फियाला झोळीत घातलं. छताच्या कडीला साडीची झोळी, तिला एक दोरी. दहा मिनिटं दोरी ओढली. पोर झोपली. मुबीनाने हातपाय-तोंड धुऊन वजू केला, जानमाज अंथरली, हात बांधले.

अल्फिया रडली.

नऊ पन्नास. पुन्हा दोरी. पुन्हा वजू, कारण मधल्या काळात पोरीने वजू राहील असं काही ठेवलं नव्हतं. दहा वीस. दहा पंचेचाळीस. एकदा सजद्यापर्यंत पोहोचली, कपाळ जमिनीला लागलं आणि मागून टाहो. सव्वाअकराला ती कुराणातली यासीन वाचायला बसली, तर पहिल्या पानावर तीनदा उठावं लागलं. बाहेर कबरस्तानाकडून परतणाऱ्या पोरांच्या मोटरसायकली, वाऱ्याला मिरचीचा वास, घशात खवखव.

अकरा चाळीसला पोर पुन्हा रडली. मुबीना उठली नाही. उठायची ताकदच नव्हती. जानमाजवर बसल्या बसल्या, मान न वळवता, ती वैतागून म्हणाली,

"अम्मी, धर वं तिले जराशी."

अम्मी होती तेव्हा रोज संध्याकाळी ती हेच म्हणायची. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी अम्मी पथारीवरून सुटली की आधी इकडे यायची, पोर घ्यायची. तोंडातली सवय होती, तोंडातून गेली.

रडणं थांबलं.

हळूहळू ओसरलं नाही. उचलून घेतल्यावर थांबतं तसं थांबलं.

मुबीनाने पाठीमागे पाहिलं नाही. पाहिलं तर पोर उठेल, एवढंच तिच्या मनात होतं. कोणत्याही आईच्या मनात तेवढंच असतं. ती उभी राहिली, हात बांधले, आणि पढत राहिली. नमाजच्या सहा रकाती, यासीन, पुन्हा नफिल नमाज. सात महिन्यांची साठलेली दुआ. रडायचंही साठलेलं होतं, तेही झालं. मागे झोळीची कडी कुरकुरत होती, एका लयीत. ती कुरकुर तिला आवडली सुद्धा.

पहाटे फजरची अजान झाली तेव्हा तिने मोबाइल पाहिला. पाच बावन्न. दोरी झोळीवरून नीट टाकलेली होती. तिने वाकून अल्फियाच्या कपाळाचा पापा घेतला.

ओठ भाजले.

तिने जिभेने चाचपलं. तिखट. वाऱ्याने उडालेली भुकटी असणार. कपाटातून स्पिरिटचा बोळा काढून तिने पोरीचं कपाळ पुसलं, मग हात, मान, गाल पुसून प्रत्येक जागी ओठ लावून पाहिले. तिखट फक्त कपाळाला होतं. अम्मीचे हात संध्याकाळी असेच आग ओकायचे. म्हणून ती पोरीला कधी तळहाताने धरायची नाही. मनगटांवर घ्यायची, पंजे लांब ठेवून, आणि तोंड तर जवळही न्यायची नाही. अम्मीने पोरीच्या कपाळाला तिखट कधी लागू दिलं नसतं.

कपाळाची आग होत असणार, तरी पोर शांत झोपली होती.

सकाळी शेजारची दगूबाई ताक घेऊन आली. ती अम्मीबरोबरच पथारीवर देठ खुडायला बसायची.

"काय वं मुबी, रातभर कोन जागी ऱ्हायंतं तुन्हा घर? कडी कुईकुई करी ऱ्हायंती."

"मीच, काकी. बडी रात व्हती ना."

"तू ते नमाज पढी ऱ्हायंती," दगूबाई म्हणाली. "मोरीवर उठनू तवय खिडकीमातून दिखनी मले." तिने ताकाचं भांडं खाली ठेवलं, झोळीकडे एकदा पाहिलं, आणि हलव्यासाठी न थांबता गेली. करपला म्हणून असेल, मुबीनाने स्वतःला सांगितलं.

त्या रात्री तिने मुद्दाम काही म्हटलं नाही. बारा वाजेपर्यंत पोरीने तिला चार वेळा उठवलं. पाचव्या वेळी, दुखऱ्या डोळ्यांनी अंधारात बघत, ती हळूच म्हणाली, "अम्मी."

पोर झोपली. मुबीनाही झोपली. सात तास. अकरा महिन्यांत प्रथमच तिला स्वप्न पडण्याइतकी झोप लागली होती.

जुमेरातला जैबूनबींनी डाळ भिजत घातली. "रातले फातिहा दी टाकू," त्या म्हणाल्या. दुपारी साबिरचा फोन आला. आवाज बदललेला होता. "मी शनवारले येस, मुबी. आपन दोन्ही मिळीसन करू. मले झोप लागत नही."

तुला झोप लागत नाही, मुबीना मनात म्हणाली. आणि तोंडाने म्हणाली, "घाई कसाले? रमजान पंधरा दिवसवर शे. ईद नंतर करू, सगळा सोबत."

"मंगळवारले तूच मन्हावर तापनी व्हतीस."

"तापनी व्हतू. आते नही."

भिजलेल्या डाळीची तिने संध्याकाळी भजी केली. सासूबाईंनी भज्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "तुन्ही माय दारमा उभी शे," त्या म्हणाल्या.

"ईदनंतर, अम्मीजान."

दारात नाही, घरात आहे, हे तिला सांगायचं नव्हतं.

सोमवारपासून ती पुन्हा लॅबवर जाऊ लागली. नोंदी ठेवणं बंद केलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं, रोज सात तास, आठ तास. दिवसा अल्फिया जैबूनबींच्या नजरेखाली चटईवर खेळायची, रडायची नाही, मागे लागायची नाही. मुबीनाच्या डोळ्यांखालचं काळं गेलं. अश्पाक म्हणाला, पोरगी सुधारली. तिखटाचं म्हणाल तर मुबीनाने पोरीचे पापे घेणं सोडून दिलं.

बडी रातनंतर नवव्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली. चप्पल काढली, हात धुतले, बाह्या पसरल्या.

"ये वं मन्ही चिमनी."

अल्फियाने तिच्याकडे पाहिलं. बसमध्ये समोर बसलेल्या बाईकडे पाहावं तसं.

मग तोंड फिरवलं.

"दोन दिवस झायात," जैबूनबी हळू आवाजात म्हणाल्या. "दूध बी पेत नही मन्हाकडथून. पन भूक लागत नही तिले." त्यांची तसबी हातात होती, पण मणी हलत नव्हते.

"शनवारले साबिरले बलावस," मुबीना म्हणाली. "नहीते आजच. आत्तेच मौलवीसाहेबले..."

तिची नजर पुन्हा चटईकडे गेली.

अल्फिया चटईच्या मध्यावर बसली होती. भिंत चार हात लांब. मागे उशी नाही, लोड नाही. पोरीने डोळे मिटले आणि हळूच एका बाजूला कलली.

पडली नाही.

कललेलीच राहिली. जमीन आणि तिच्या खांद्यामध्ये हातभर मोकळी हवा होती, आणि त्या हवेवर गाल टेकून ती निवांत झोपली होती. ओठ किंचित उघडे.

मुबीना गुडघ्यांवर आली. तिने हात पुढे केला, पण पोरीपर्यंत नेला नाही.

सवयीने ती श्वास मोजू लागली. अल्फियाचं पोट भराभर हलत होतं, लहान मुलांचं हलतं तसं, मिनिटाला तीसेक वेळा.

तिचं टेकलेलं डोकं मात्र, कोणा मोठ्या माणसाच्या छातीवर असावं तसं, सावकाश वर जात होतं, आणि सावकाश खाली येत होतं. मिनिटाला चौदा.