पाच मिनिटांत आलो

रोजचा जप आटोपून मगच लिहायला बसले आहे. जपानंतर माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही. यात पदरचं काही नाही.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत हे घडलं. रात्री-बेरात्री नव्हे. भर दुपारी, गॅरेजमध्ये, लख्ख उजेडात.

तिच्या धाकट्या भावाची गाडी रिमोटला दाद देईना. उघडेना, चालू होईना. शेवटी टोचन करून गॅरेजात आणली. मागच्या सीटवर आईची शाल राहिली होती, तेवढ्यासाठी बहीणही आली.

आई दोन महिन्यांपूर्वी त्याच सीटवर गेली होती. तिला कशाचं भान राहत नसे, म्हणून भाऊ तिला गाडीत बसवून, पट्टा लावून कामं उरकायचा.

"पाच मिनिटांत आलो, तर आई झोपेतच गेलेली," असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं.

बहिणीला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

वायरिंगवाल्यानं रिमोटचा सेल बदलला. तपासून पाहिलं.

"रिमोट ठणठणीत आहे, साहेब. गाडीला ऐकू जातंय. ती मानत नाहीये."

"मग पाया पडा तिच्या," भाऊ खेकसला.

बहिणीनं रिमोट हिसकावून घेतला. बटण दाबलं.

खट्ट... कुलूप उघडलं.

आणि दिवे लुकलुकले. एक. दोन. तीन... चार.

वायरिंगवाला थबकला. "अलार्म शेवटी कशानं जागा झाला, ते दिवे सांगतात. एकदा म्हणजे दार. दोनदा बॉनेट. तीनदा धक्का."

"आणि चारदा?"

"बंद गाडीत कोणीतरी हललं."

गाडी तर रिकामी होती. मागे फक्त शाल.

आणि शालीवरून... पट्टा लावलेला.

"तो सेन्सर पहिल्यापासून डोकं खातो," भाऊ म्हणाला. "आईला बसवून गेलो की बोंबलायचा. मी दुकानातूनच गप्प करायचो."

बहीण त्याच्याकडे वळली.

"त्या दिवशी किती वेळा गप्प केलंस?"

"ताई, आता तो विषय कशाला..."

"किती वेळा?"

त्यानं रिमोटसाठी हात पुढे केला. तिनं मूठ आवळली.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. आई आत काच वाजवत होती, गाडी तिच्या वतीनं ओरडत होती... आणि हा बटण दाबत होता.

"आत कोणी नाही. हे बघ," म्हणत तो तावातावानं पुढे बसला. दार ओढून घेतलं.

खट्ट...

चारही दारं बंद. बटण कोणीच दाबलं नव्हतं.

त्यानं आतला खटका ओढला. पुन्हा ओढला. काचेवर हात आपटले. अलार्म वाजायला हवा होता...

वाजला नाही.

फक्त दिवे. चार. पुन्हा चार.

तो समोरच्या आरशात बघत होता. मागच्या सीटकडे. तोंड उघडं, पण बाहेर आवाज नाही.

रिमोट बहिणीच्या मुठीत होता.

ती म्हणते, मी लगेच दाबलं. दारं उघडली. भाऊ वाचला. मात्र त्याला बाहेर काढताना आधी पट्टा सोडवावा लागला, आणि तो त्यानं लावलेला नव्हता. आरशात काय दिसलं, ते तो आजही सांगत नाही.

मी वायरिंगवाल्यालाही भेटले. तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"मी ओरडत होतो, 'ताई, दाबा, दाबा!' तुमच्या बहिणीला ऐकूच येत नव्हतं. घड्याळ समोरच होतं."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

बहिणीला हे मी अजून सांगितलेलं नाही. आणि तो रिमोट... ती अजून कोणाच्या हाती देत नाही.