पिवळी खूण

"माजा नवरा विसरला, असं कंपनी बोलते," हंसा म्हणाली. "सतरा वर्सं त्यानं ब्रेकर खोलले. तो नाय विसरनार, बाय."

दांडी गावची ही बाई पालघरला हिमानी सावे यांच्या कचेरीत बसली होती. तिचा नवरा पुंडलिक बोईसरच्या एका कारखान्यात फिटर. चार दिवसांपूर्वी ब्रेकरचं लोखंडी हँडल कपाळात बसून तो गेला.

खासगी तपासाचं काम धरण्याआधी हिमानीबाईंनी कारखान्यांतली वीजयंत्रं तपासण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. मदतनीस अनुज आणि हंसाला घेऊन त्या दुपारी बोईसरला पोचल्या.

फौजदारांनी पॅनलरूमचं सील काढलं. ब्रेकर, म्हणजे कारखान्याची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, कप्प्यातून बाहेर ओढलेला होता. फरशीवर रक्त वाळलं होतं.

"हँडल कशाला लागतं?" अनुजने विचारलं.

"एरवी स्प्रिंगच्या जोराने आतले वीज जोडणारे कॉन्टॅक्ट क्षणात जुळतात," हिमानीबाई म्हणाल्या. " दुरुस्तीत ते हँडलने हळूहळू जुळवून पाहतात. पण आधी स्प्रिंग सोडून रिकामी करायची. नाहीतर ती सुटते आणि हँडल उसळतं."

ब्रेकरवरच्या छोट्या खिडकीत पिवळी खूण दिसत होती.

"पिवळी म्हणजे स्प्रिंग भरलेली, पांढरी म्हणजे रिकामी," मेंटेनन्स इंजिनिअर निमेश म्हणाला. "त्याने ती सोडलीच नाही. वाईट वाटतं, पण चूक त्याचीच."

"ती भरते कशी?" हिमानीबाईंनी विचारलं.

"मोटारीने, आपोआप. पण मोटारीचा प्लग सकाळीच काढला होता. नंतर कुणी लावला नाही."

"हाताने?"

"हाताने भरायचा दांडा स्टोअरमध्ये कुलपात असतो. त्या दिवशी बाहेर आला नव्हता."

पुंडलिकचा जोडीदार सुजीत दाराशी उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्यासमोर स्प्रिंग सोडली त्याने. पांढरी खूण मी पाहिली. हँडल लावून आम्ही चहाला गेलो. तो आधी परतला. मी दारात आलो आणि आवाज झाला. निमेशसाहेब आतच होते. म्हणाले, ॲम्ब्युलन्सला फोन कर. मी धावलो."

"जोडीदार आहे, बाजू घेणारच," अनुज कुजबुजला.

"त्याचं क्षणभर सोडून दे," हिमानीबाई म्हणाल्या आणि निमेशकडे वळल्या. "पुंडलिकला मारलं ते स्प्रिंगच्या जोराने. सुटलेली स्प्रिंग रिकामी होते. मग त्या फटक्यानंतर इथे पांढरी खूण हवी."

फौजदार खिडकीकडे वाकले.

"ती पिवळी आहे, कारण फटक्यानंतर स्प्रिंग पुन्हा भरली. दांडा कुलपात, म्हणजे मोटारीने भरली. म्हणजे प्लग लावलेला होता. पुंडलिकने सोडलेली स्प्रिंगही त्याआधी मोटारीनेच भरली. आणि आता प्लग लोंबतोय. सुजीत फोनला धावला तेव्हा इथे एकटे तुम्हीच होता, निमेश."



"बारापर्यंत लाइन सुरू करायची होती," निमेश म्हणाला. "मोटार चालते का, एवढंच पाहायचं होतं. फोन आला, मी पाठ वळवली. तो कधी आला ते कळलं नाही."

"आणि प्लग?"

"काढला. मग खूण बघायचं सुचलं नाही."

हंसा पुढे आली. "तवा तो जिता व्हता?"

"हो."

"काय बोलला?"

"पाणी मागितलं."

"दिलं?"

"नाही."

हंसाने फौजदारांकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

"पानी मागितलं, ते बी लिवा," ती म्हणाली.