तीन वेळा दहा मिनिटं

घराच्या गॅरेजचं शटर वर सरकलं आणि आतून असा धूर लोटला की उघडणारा शेजारी खोकत दोन पावलं मागे हटला.

आत दोन गाड्या होत्या. डावीकडे चाळीस वर्षांची पांढरी, लाडाकोडात ठेवलेली. उजवीकडे आठ महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतलेली करडी, नव्या जमान्यातली. पांढऱ्या गाडीच्या काचा खाली होत्या आणि मागच्या सीटवर नाडीवैद्य उशीवर डोकं टेकवून झोपले होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, दोनदा हाक मारली. मग त्यांचा हात हातात घेतला आणि तिथेच मटकन खाली बसल्या.

नाडीवैद्य हे खरं नाव नव्हे. शहरातले गाडीवेडे त्यांना या नावाने ओळखत, कारण सेकंडहँड गाडी घ्यायची तर आधी त्यांना दाखवायची असा रिवाज होता. ते बॉनेटवर हात ठेवत, डोळे मिटत, कान देत आणि निकाल देत. त्यांनी मान हलवली की सौदा पक्का.

करड्या गाडीचं इंजिन बंद होतं, पण बॉनेट कोमट होतं. किल्ली घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत पोलिसांनी मेस्त्रींना उचललं. मेस्त्री म्हणजे नाडीवैद्यांचे तीस वर्षांचे दोस्त आणि गाड्या दुरुस्तीच्या धंद्यातले भागीदार. रात्रीच न्यायाधीशांपुढे नेऊन सोमवारपर्यंतची कोठडी घेतली; सोमवारी अकरा वाजता त्यांना पुन्हा कोर्टात उभं करणार होते.

शनिवारी सकाळी मेस्त्रींची मुलगी ठाण्यावर हजर झाली. विमा कंपनीत अपघाती गाड्यांची पाहणी करणं हे तिचं काम, म्हणून सगळे तिला सर्व्हेअरबाई म्हणत.

"बसा," तपास अधिकारी म्हणाला. "मुलगी म्हणून आलात की सर्व्हेअर म्हणून?"

"सर्व्हेअर म्हणून. मुलगी बाहेर बाकावर बसलीय. तिचं रडून झालं की येईल."

अधिकाऱ्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला निकालाची घाई होती.

"बाबांविरुद्ध काय आहे?"

"तीन गोष्टी. एक, मागच्या रविवारी क्लबच्या मैदानावर भांडण. नाडीवैद्यांनी या नव्या गाडीचा धूर गाळणारा डबा काढून टाकला होता."

"माहीत आहे. गाडीला आवाज नाही, मुकी आहे म्हणायचे. बाबांनी काम करायला नकार दिला, तेव्हा दुसरीकडून करून घेतलं."

"आणि तुमचे बाबा चाळीस माणसांसमोर ओरडले, एक दिवस गुदमरून मरशील. बरोबर?"

"बरोबर. पुढे?"

"दोन, किल्लीची खुंटी त्यांना ठाऊक होती. तीन, ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली आणि वर उचललेली सापडली. नाडीवैद्य सहा फुटी, काकू त्यांच्याहून बोटभर उंचच. तुमचे बाबा?"

"पाच फूट एक इंच," ती म्हणाली. तिने लहानपणापासून ज्यांना काका म्हटलं ते गेले होते आणि ज्यांना बाबा म्हटलं ते कोठडीत होते. तिला दुःखापेक्षा संतापच जास्त होता. ज्याने हे केलं त्याला सोडायचं नाही, हे तिने काल रात्रीच स्वतःला बजावलं होतं. "मला गाडी बघू द्या."

करडी गाडी ठाण्याच्या आवारात उभी होती. ती आत बसली नाही. नुसती भोवती फिरली आणि थांबली.

"हे आरसे कुणी हलवले?"

"कुणी नाही. जसे सापडले तसेच आहेत."

"दोन्ही बाजूचे खाली झुकलेत, बुटक्या माणसाला लागतात तसे. साहेब, खून करायला चोरपावलांनी आलेला माणूस बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करणार आणि निघून जाणार. तो मागची वाहतूक कशाला बघेल?"

अधिकारी वाकून आरसे बघू लागला.

तिने स्कॅनर जोडला. गाडीच्या पोटातली नोंद वाचणारं ते यंत्र तिच्या रोजच्या वापरातलं. पडद्यावर आकडे आले तशी तिची बोटं थांबली.

"शुक्रवारी दुपारी इंजिन किती वेळा चालू झालं असेल?"

"एकदा. नंतर येऊन बंद केलं असणार."

"तीन वेळा. दरवेळी बरोबर दहा मिनिटं, सेकंदाचाही फरक नाही. मधे गाडी एक फूटही हललेली नाही. माणसाचा हात इतका मोजून मापून चालतो का?"

"म्हणजे?"

"कुठेतरी पाणी मुरतंय, साहेब. मला तुमच्या सहीचं एक पत्र द्या आणि उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ द्या."

पत्र घेऊन ती आधी गाडी विकणाऱ्या शेठकडे गेली. तीस चकचकीत गाड्यांच्या मधोमध शेठ खुर्ची टाकून बसला होता.

"ही गाडी तुमच्याकडे कुठून आली?"

"एका ऑफिसातून. कागदावर ऑफिसचंच नाव."

"वापरत कोण होतं?"

"मला काय ठाऊक! ड्रायव्हर सोडून गेला. ऑफिसातून फोन मात्र आला होता. आधी नाडीवैद्यांना दाखवा, त्यांना पसंत पडली तर भावावरून अडून बसू नका. मी म्हटलं, आपल्याला काय, आयतं गिऱ्हाईक."

"विकताना जुन्या माणसाचं खातं पुसलंत?"

"कसलं खातं?"

तिने कपाळावर हात मारला. "शेठ, ही गाडी फोनला जोडलेली असते. फोनवरून दार उघडतं, इंजिन चालू होतं, गाडी कुठे उभी आहे तेही दिसतं. जुन्या वापरणाऱ्याचं खातं पुसलं नाही, तर गाडी तुम्ही विकलीत पण लगाम त्याच्याच हातात राहिला."

शेठचा चेहरा उतरला. "नाडीवैद्यांनी बघायला नको होतं का? एवढा मोठा जाणकार!"

त्यांनी बघितलं नसणार हे तिला ठाऊक होतं. पडद्यात डोकं घालणाऱ्याला गाडी कळत नाही, असं म्हणून ते त्या पडद्याकडे पाठ फिरवून बसत. इंजिनाचा नट न् नट तपासून घेतलेल्या गाडीचा मेन्यू त्यांनी आठ महिन्यांत एकदाही उघडला नव्हता.

ऑफिसला सोमवारपर्यंत सुट्टी होती आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून माहिती यायला आठवडे लागणार होते. तेवढा वेळ बाबांना नव्हता. दुपारी तिने आपल्या विमा ऑफिसच्या दप्तरखोलीत, काकांनी पसंत केलेल्या गाड्यांचे अपघात शोधत, दोन तास धूळ खाल्ली आणि एक फाईल काखेत मारून थेट काकूंकडे गेली.

"काकू, रागावू नका. काकांना कमी ऐकू कधीपासून येत होतं?"

काकूंनी दार लोटून घेतलं. "सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी यंत्र घेतलं, पण घराबाहेर कधी लावलं नाही. दुपारी दोन ते चार शटर लावून त्या पांढऱ्या गाडीत झोपायचे. कानाशी ढोल वाजवला तरी जाग यायची नाही. कुणाला सांगू नकोस गं. माणसं हसतील."

रविवारी सकाळी क्लबच्या मैदानावर शोकसभा होती. नेहमीच्या जागी गाड्या रांगेत उभ्या, माणसं मात्र कुजबुजत. सर्व्हेअरबाईला पाहून काहींनी नजर चुकवली.

कर्नल नावाने ओळखला जाणारा एक म्हातारा नव्या गाड्यांवर तोंडसुख घेत होता. "चाकांवरचे चुगलखोर आहेत हे! बायको विचारत नाही इतकं ही गाडी विचारते. कुठे गेलात, किती वाजता आलात, ब्रेक का जोरात मारलात."

"मग घेऊ नका ना, आजोबा," कुणीतरी म्हणालं.

"मी कुठे घेतलीय? माझी गाडी माझ्याशी बोलतच नाही. म्हणून तर संसार टिकलाय."

क्लबच्या चिटणीसबाई सगळ्यांना चहा देत होत्या. जेमतेम पाच फूट उंची, पांढरे केस, शांत चेहरा, नोकरीतून अलीकडेच निवृत्त. तीन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर अपघातात गेला. त्याला गाड्यांचं वेड होतं, म्हणून त्याच्यामागे त्या क्लबात आल्या आणि वहीपासून चहापर्यंत सगळं त्यांनी अंगावर घेतलं. त्यांना नाही म्हणणारा माणूस क्लबात नव्हता.

त्यांनी सर्व्हेअरबाईच्या हातात कप दिला. "बाबा कसे आहेत?"

"गप्प आहेत. एक शब्द बोलत नाहीत."

"बोलायचं असतं तेव्हाही काही माणसं बोलत नाहीत," चिटणीसबाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

सर्व्हेअरबाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ती करडी गाडी ठाण्याच्या आवारात कुलूपबंद आहे आणि महिनाभर तिथून हलणार नाही. मग ती निघाली.

दुपारी अडीच वाजता ती करडी गाडी स्वतः चालवत पाण्याच्या टाकीच्या वळणावर घेऊन गेली आणि रस्त्याच्या कडेला उभी केली. साध्या कपड्यातला तपास अधिकारी बंद पडलेल्या टपरीमागे उभा राहिला. तो वैतागला होता.

"आपण इथे आहोत हे कुणालाच माहीत नाही. मग येणार कोण?"

"ज्याला गाडी सांगेल तो."

पस्तीस मिनिटं गेली. मग एक टॅक्सी थांबली. चिटणीसबाई उतरल्या. त्यांच्या हातात फोन होता. त्या गाडीकडे गेल्या नाहीत. वळणावरच्या लोखंडी कठड्यापाशी गेल्या आणि त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"गाडी कुलूपबंद आहे असं मी सकाळी सांगितलं होतं," सर्व्हेअरबाई मागून म्हणाली.

चिटणीसबाईंनी मान वळवली. त्या दचकल्या नाहीत. "ऐकलं होतं. पण आठ महिने मी तो ठिपका बघतेय. आज तो इथे येऊन थांबला. मला घरी बसवेना."

अधिकारी पुढे आला. त्याने हात पुढे केला आणि चिटणीसबाईंनी मुकाट्याने फोन दिला. पडद्यावर नकाशा होता आणि नकाशावर हेच वळण.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," सर्व्हेअरबाई म्हणाली. "ही गाडी तुम्हाला तुमच्या ऑफिसने दिली होती, क्लबात मात्र तुम्ही ती कधी आणली नाहीत. निवृत्त होताना तुम्ही ती शेठकडे पाठवली आणि नाडीवैद्यांच्याच गळ्यात पडेल असं बघितलंत. खातं पुसलं नाहीत. मग वाट बघितलीत. मागच्या रविवारी ते फुशारकी मारत म्हणाले की धुराचा डबा काढलाय. त्यांची दुपारची झोप सगळ्या क्लबला ठाऊक होती. शुक्रवारी तुम्ही घरात बसून तीन वेळा बटण दाबलंत, कारण फोनवरून चालू केलेलं इंजिन दहा मिनिटांनी आपोआप बंद पडतं. फक्त एक झालं. गाडीने तुमचं खातं ओळखलं आणि तुमच्या उंचीप्रमाणे सीट आणि आरसे लावले. तुमच्या सेवेला ती हजर झाली."

"आणि कारण?" अधिकाऱ्याने विचारलं.

तिने काखेतली फाईल उघडली. "यांच्या मुलाने गाडी घेऊन अकरा दिवस झाले होते. पुढच्या चाकाचं बेअरिंग झिजून संपलं होतं. कित्येक आठवडे घरघर करत असणार. इथे चाक निखळलं. फाईलला नाडीवैद्यांची चिठ्ठी जोडलीय. आवाज निर्दोष, असं लिहिलंय."

"मला वाटायचं नशीब," चिटणीसबाई म्हणाल्या. "दोन वर्षं मी त्यांना चहा दिला. मग मागच्या वर्षी मीटिंगमध्ये माझ्या हातून स्टीलचं ताट पडलं. सगळे दचकले. ते सोडून. तेव्हा कळलं. ज्या माणसाला ताट ऐकू येत नाही त्याने माझ्या पोराच्या गाडीला कान लावला होता! लाज वाटते म्हणून तो जगाला फसवत होता आणि माझं पोर त्या लाजेपायी गेलं. मला दया आली नाही. आजही येत नाही."

"आणि माझे बाबा? त्यांना उद्या कोर्टात उभं करणार होते. तुम्ही सकाळी मला चहा दिलात आणि गप्प राहिलात!"

चिटणीसबाई तिच्या जवळ आल्या. "गप्प राहायला मी त्यांच्याकडूनच शिकले. गाडी दाखवायला आणली त्या दिवशी मी मुलाबरोबर त्यांच्या गॅरेजमध्ये होते. नाडीवैद्य डोळे मिटून उभे होते. चाक फिरवत होते तुझे बाबा. फिरवता फिरवता ते थांबले आणि त्यांनी मान वर करून आपल्या दोस्ताकडे पाहिलं. मग पुन्हा खाली घातली. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. ताट पडलं तेव्हा लागला. जा, विचार त्यांना."

अधिकाऱ्याने त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी सहाला मेस्त्री सुटले. मुलगी दाराशी उभी होती. त्यांनी तिचा हात धरला, डोळे पुसले, आता घरी जाऊ म्हणाले. तिने हात सोडवून घेतला.

"बाबा, ते चाक तुम्ही फिरवलंत. घरघर ऐकली होती का?"

मेस्त्री पायरीवर बसले. ते हातावरचे काळे डाग चोळू लागले.

"ऐकली," ते म्हणाले. "त्याने ठणठणीत म्हणून सांगून टाकलं होतं गं. चार माणसांसमोर त्याला बहिरा कसा ठरवू? म्हटलं, उद्या त्या मुलाला एकट्याला बोलावून सांगतो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी काम होतं."

सर्व्हेअरबाईने फाईल उघडली, पेन काढलं आणि बापाच्या शेजारी पायरीवर बसली.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "मी लिहून घेते. सही तुम्हालाच करायची आहे."