मावशीच्या अँटीबॉडी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. हे ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडलंय. आणि तेही भरदुपारी.

रविवार होता. तीन वाजले होते. आमच्या लॅबचा तिसरा मजला. मी एकटीच.

आम्ही तिथे अँटीबॉडी बनवतो. आजाराशी लढायला आपल्या रक्तात तयार होतात, त्याच. एखाद्याच्या रक्तातली चांगली अँटीबॉडी निवडायची, ती बनवायची कृती त्याच्या पेशीतून उचलायची आणि काचेच्या चंबूत वाढणाऱ्या दुसऱ्या पेशींमध्ये घालायची. मग त्या पेशी ती बनवत राहतात. संशोधनाला लागते, पुढे औषधही होतं. पेशींना रविवार कळत नाही, म्हणून सुट्टीलाही कुणीतरी जावं लागतं.

त्या चंबूंत माझ्या मावशीची अँटीबॉडी होती.

आई गेल्यावर मला मावशीनेच वाढवलं. फुफ्फुसांच्या ज्या आजारात तिचा अर्धा वॉर्ड रिकामा झाला, त्यातून ती उठून बसली. कौतुकाने मी हे लॅबच्या प्रमुखांना, म्हणजे मॅडमना सांगितलं. त्या स्वतः घरी आल्या. मावशीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, रक्त द्या, औषध तयार झालं की पहिला हक्क तुमचा.

"घ्या की," मावशी हसली. "नाहीतरी डास पितातच."

मग मला जवळ ओढून म्हणाली, "मला कधी लागलं तर विसरू नकोस हं."

दोन वर्षांनी आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, यांच्या रक्तात आता ती ताकद उरली नाही. आमच्या फ्रीझरमध्ये मात्र तीच ताकद दोनशे कुप्यांत भरून ठेवलेली.

मी मॅडमकडे धावले. औषध अजून मंजूर नव्हतं, पण मरणाच्या दारातल्या पेशंटसाठी खास परवानगी मागता येते. मॅडमनी माझ्यासमोर अर्ज भरायला घेतला. संध्याकाळी म्हणाल्या, पाठवला.

चार दिवस मी मावशीला सांगत राहिले... येतंय, येतंय.

पाचव्या दिवशी ती गेली. मॅडम माझ्या गळ्यात पडून रडल्या.

त्यानंतरचा तिसरा रविवार हा.

चंबू यंत्रात हलत होते. त्या यंत्राची घरघर एकसुरी असते, कानाला सवय होऊन जाते. पण त्या दिवशी घरघरीच्या आत दुसरंच काहीतरी होतं...

श्वास.

ओढून घेतलेला. मध्येच अडकणारा. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून ऐकलेला.

मी यंत्र बंद केलं. चंबू थांबले.

श्वास थांबला नाही...

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. खालचे वॉचमनकाका. नवीनच लागले होते, मावशीला त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं. म्हणाले, तुमच्या मावशी आल्यात, वर सोडलंय.

काय म्हणाल्या, एवढंच कसंबसं विचारलं.

"म्हणाल्या, वर माझं काही ठेवलंय, घेऊन जाते."

जिन्यात चपला वाजल्या. दमून. एकेक पायरी.

पहिला मजला... दुसरा...

खरं सांगू? भीती होतीच. पण वाटलं, ती आत येईल आणि मी तिच्या कुशीत शिरेन.

चपला दारापाशी आल्या...

आणि पुढे गेल्या. फ्रीझरच्या खोलीकडे.

मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

सोमवारी तपासणी केली. चंबूतल्या पेशी जिवंत, टवटवीत. अँटीबॉडी शून्य. फ्रीझरमधल्या दोनशे कुप्या सीलबंद, आतला द्राव जिथल्या तिथे. अँटीबॉडी एकीतही नाही. महिन्याभरापूर्वी दुसऱ्या लॅबला पाठवलेल्या कुप्यांचंही तेच. तिथून मॅडमना फोन आला, तुम्ही आम्हाला नुसतं पाणी पाठवलंत का?

कुप्यांच्या नोंदी शोधायला मी मॅडमचं कपाट उघडलं.

आत मावशीचा अर्ज होता. पूर्ण भरलेला. सही नव्हती. तो त्या कपाटातून कधी बाहेरच पडला नव्हता.

मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलून पालथा ठेवला.

"ती तशीही वाचली नसती," त्या म्हणाल्या. "आणि आपलं औषध घेतल्यावर दगावली असती, तर औषधच बदनाम झालं असतं."

केसाने गळा कापला त्या बाईने. आणि तिला घरात मी आणलं होतं.

मी त्याच दिवशी नोकरी सोडली. तीच कृती वापरून त्यांनी नंतर किती वेळा नव्याने करून बघितलं, पण ती अँटीबॉडी पुन्हा कधी बनली नाही. का, ते कुणालाच कळलं नाही.

त्या दिवशी गेटमधून बाहेर पडताना वॉचमनकाकांपाशी थांबले. विचारलं, रविवारी मावशी खाली उतरल्या का?

उतरताना दिसल्या नाहीत, ते म्हणाले.

माझ्याबद्दल काही बोलल्या?

काका म्हणाले, "मी म्हटलं, भाचीला खाली बोलावू का? तर म्हणाल्या, नको... तिची वाट बघून झाली. मी आपला नियम म्हणून तुम्हाला फोन केला."

आता सांगा, अर्ज गेलाच नव्हता हे तिला कळलंय का? की ती समजून आहे, मीच खोटं बोलत होते...

हे मी विचारू कुणाला?