उशिराचं कारण

रुचिता पेशंटच्या बाकावर बसली ती फक्त पाच मिनिटांसाठी. डोळे मिटले तेही पाच मिनिटांसाठीच. पण थकलेल्या माणसाची पाच मिनिटं कुठे घड्याळात मावतात! जाग आली तेव्हा पावणेतीन वाजले होते, मान अवघडली होती आणि शेजारी एक अनोळखी तरुण मांडीवर निळी पेटी धरून बसला होता, लहान मुलाला डॉक्टरकडे आणल्यासारखा.

"तुमचं कोण आहे आत?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

त्यात त्याची काही चूक नव्हती. नौपाड्यातलं ते डे-केअर सेंटर कॅन्सरच्या पेशंटसाठी होतं, आणि तिथल्या बाकावर असं तोंड अर्धवट उघडं टाकून झोपतात ते नातेवाईकच.

"माझं कोणी नाही," ओढणी सावरत रुचिता म्हणाली. "मी इथली फार्मासिस्ट आहे."

"अरे बापरे! म्हणजे पाऊण तास मी तुमचीच वाट बघतोय. आत सांगितलं, मॅडम जेवायला गेल्यात."

"मग उठवायचं ना!"

"मॅडम कुठे दिसल्या का, विचारायला उठवणार होतो... दोनदा हात पुढे केला. पण इतकं गाढ झोपलेलं माणूस मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. नाही जमलं."

रुचिताला हसू आलं. गेल्या तीन आठवड्यांत तिला सुट्टी नव्हती. सोबतची फार्मासिस्ट वैशाली बाळंतपणाच्या रजेवर, तिची सगळी कामं हिच्या अंगावर, घरी डोंबिवलीला आईचे गुडघे. अशात आपली झोप मोडू नये असं कुणाला तरी वाटलं, एवढ्यानंच तिला भरून आलं. तेवढ्यात तो म्हणाला, "मी राजरत्न. वागळे इस्टेटमधून आलोय, औषधाच्या कंपनीकडून. मंगळवारच्या बॉक्सची चौकशी करायला."

झालं. उरलीसुरली झोप पार उडाली.

मंगळवारची गोष्ट अशी. सेंटरची एक छोटी शाखा कल्याणला होती. दर मंगळवारी रुचिता इथल्या फ्रीजमधून तिकडच्या पेशंटची औषधं थंड पेटीत भरायची आणि सेंटरच्या गाडीनं स्वतः घेऊन जायची. त्यातलं एक औषध फार नाजूक. चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांमध्ये भरलेलं. अशा गोळ्या रक्तातून गाठीपर्यंत जातात आणि वाटेत हृदयाला त्रास कमी देतात. त्यांना गरम चालत नाही, पण गोठवलेलंही चालत नाही. म्हणून फ्रीझरमधले बर्फाचे पॅक आधी बाहेर काढून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच पेटीत लावायचे. हा नियम फ्रीजच्या दारावर चिकटवलेला होता. अक्षर रुचिताचंच.

आणि त्या मंगळवारी, उशीर झाला म्हणून, तिनंच कडक गोठलेले पॅक थेट बाटल्यांना टेकवून पेटी बंद केली होती. कल्याणला पेटी उघडली तर तापमान नोंदणाऱ्या यंत्रावर लाल दिवा. औषध बघायला जसंच्या तसं, पण तिनं ते कुणाला देऊ दिलं नाही. खडवलीहून आलेल्या रंगूबाई डोस न घेताच परत गेल्या.

राजरत्न त्या बाटल्या घेऊन गेला. सोमवारी परत आला तो हातात कागद घेऊन, आणि बराच वेळ फ्रीजच्या दारावरचा नियमच वाचत राहिला.

"गोळ्या फुटल्यात," तो शेवटी म्हणाला. "तुमच्याकडे मोदक करतात ना? उकड फाटली की सारण पाण्यात जातं. तसंच."

"तुम्हाला मोदकाचं काय माहीत?"

"आमच्या शेजारच्या काकू दर गणपतीत पाठवायच्या. मोठे असायचे. हे आपले बारीक. तुमच्या एका केसाच्या जाडीत आठ-नऊशे बसतील."

"माझ्या केसांना मधे आणू नका. कारण काय लिहिताय, ते सांगा."

त्यानं कागदाची घडी केली, उलगडली. "यंत्रात दिसतंय, आठ चाळीसला पेटी भरली, नऊ पाचला आत शून्याच्या खाली. पण... 'प्रवासात तापमान बिघडलं, नेमकं कारण कळलं नाही' असंही लिहिता येतं. तसं चालतं."

नोकरी वाचत होती. मान खाली घालून गप्प बसलं की झालं. मोह तिला झाला नाही असं नाही. चांगला घसघशीत झाला. पण तिच्या डोळ्यांसमोर रंगूबाई उभ्या राहिल्या. आज औषध नाही म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, 'बरं बाय, पुढल्या मंगलवारी येते.' आणि पिशवी उचलून चालायला लागल्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चालत असेल, पण मला चालणार नाही," ती म्हणाली. "कारण कळलंय तुम्हाला. मी घाई केली. हे लिहिलं नाहीत तर पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी दमलेलं माणूस हेच करेल, आणि तेव्हा लाल दिव्याकडे बघायचंही त्याला सुचलं नाही तर? खरं लिहा."

"नोकरी गेली तर?"

"तर निदान झोप तरी पूर्ण होईल."

तो हसला नाही. त्यानं खरं लिहिलं, तिच्यासमोर लिहिलं आणि सही करताना त्याचा हात जरा जड झाला, हे रुचितानं पाहिलं. त्याच क्षणी हा माणूस तिला आवडला. आपल्याला संकटात घालणारी सही करणारा माणूस आवडावा, म्हणजे कमालच की! पण थकव्यात माणूस स्वतःशी फार वाद घालत नाही.

नोकरी गेली नाही. सेंटरच्या प्रमुख जया मॅडमनी तिला समोर बसवून अर्धा तास सुनावलं, मेमो दिला आणि मग स्वतःच म्हणाल्या, "तीन आठवडे तुला एकटीला राबवलं, तिथे माझंही चुकलंच." पुढे एक नवा फॉर्म निघाला. पॅक बाहेर काढल्याची वेळ, घाम फुटल्याची वेळ, पेटी बंद केल्याची वेळ, दोन माणसांच्या सह्या. आणि खाली शेवटचा रकाना : उशिराचं कारण. वैशाली परत येईपर्यंत दुसरी सही कंपनीच्या माणसानं करायची ठरली.

हे काम राजरत्नच्या गळ्यात पडलं की त्यानं मागून घेतलं, ते रुचितानं विचारलं नाही. पण दर मंगळवारी आठ वाजता तो हजर. टेबलावर पॅक ओळीनं मांडायचे आणि त्यांना घाम फुटेपर्यंत मागच्या गॅलरीत बसायचं. औषध तोवर फ्रीजमध्ये सुखरूप. करायला काही नाही आणि उठून जाताही येत नाही. आख्ख्या आठवड्यात रुचिताच्या वाट्याला तेवढीच पंचवीस मिनिटं रिकामी यायची.

"तुम्ही त्या गोळ्यांत नेहमी विषच भरता का?" तिनं एकदा चहा फुंकत विचारलं.

"विष काय! औषध आहे ते." तो दुखावला. "आणि आता दुसरंही शिकतोय आम्ही. गोळीत जीनचा निरोप भरायचा. शरीराला जे बनवता येत नाही ना, ते कसं बनवायचं, ते पेशीला आतून जाऊन सांगायचं. भरणं अवघड नाहीये. पेशीच्या दारातून आत शिरणं अवघड. बहुतेक गोळ्या बाहेरच अडकतात."

"बाहेरच्या बाहेर घुटमळतात?"

"हो ना. निरोप आतच राहतो."

"काही माणसांचंही तसंच असतं," रुचिता म्हणाली आणि घाईनं कप विसळायला उठली. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. पण त्याचा चहा तसाच निवत राहिला, हे तिला कळलं.

कधी दोघं काहीच बोलायचे नाहीत. ती भिंतीला डोकं टेकायची, तो घड्याळ बघायचा आणि वेळ झाली की म्हणायचा, "रुचिता... घाम फुटला." इतकं रुक्ष वाक्य इतक्या मायेनं म्हणणारं माणूस तिला तरी दुसरं माहीत नव्हतं.

थंडी पडली तसा पॅकना घाम फुटायला जास्त वेळ लागू लागला. पंचवीसची तीस झाली, मग चाळीस. ठाण्याच्या थंडीला एरवी कुणी विचारत नाही, पण त्या वर्षी या दोघांनी तिचं मनापासून कौतुक केलं.

आणि डिसेंबरात जया मॅडमनी सांगितलं, पुढच्या मंगळवारपासून वैशाली येतेय.

शेवटच्या मंगळवारी पॅक आठ अडतीसला तयार झाले. राजरत्ननं एक उचलून कानाशी हलवला. आत पाणी स्पष्ट डुचमळलं. गॅलरीच्या दारातून रुचितालाही ऐकू आलं.

"अजून नाही," तो म्हणाला आणि पॅक खाली ठेवला.

तो शेजारी येऊन बसला. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकत होतं. आठ पंचेचाळीस झाले. त्यानं घसा खाकरला, आणि... गप्प. आठ पन्नास झाले. खाली गाडीनं हॉर्न दिला.

"चला," रुचिता उठली. तिला आतून फार दमल्यासारखं वाटलं. तीन महिने वाट बघून येतो तसला शीण होता तो. दोघांनी पेटी भरली, कडी लावली. फॉर्म त्याच्यापुढे सरकवून ती म्हणाली, "घाम आठ अडतीसला. पेटी आठ चोपन्नला. कारणाचा रकाना भरा."

"पॅक नीट..."

"राजरत्न, खरं लिहा. त्या दिवशी मी लिहायला लावलं होतं, तसं."

त्यानं पेन घेतलं. बराच वेळ टोक कागदाला टेकवून तसाच उभा राहिला. मग भरभर लिहिलं, सही केली आणि फॉर्म तिच्याकडे सरकवून खिडकीबाहेर बघू लागला.

'उशिराचं कारण : रुचिता, तू माझ्याशी लग्न करशील का, हे विचारायचं होतं. धीर झाला नाही.'

तीन महिन्यांत त्यानं तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. रुचितानं ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, त्यात हसूही आलं, कारण हा कागद आता वागळे इस्टेटला जाणार, फाईलला लागणार आणि तपासायला येणारा प्रत्येक साहेब तो वाचणार.

"हे खोडता येत नाही, माहितीये ना?"

"माहितीये. फॉर्मवरचा तो नियम मीच लिहिलाय."

तिनं पेन उचललं. रकान्यात जेमतेम एका शब्दाची जागा उरली होती. तिनं लिहिलं, 'हो', आणि खाली सही ठोकली, वेळेसकट.

"आता गाडीत बस," ती म्हणाली. "पेटी तू धर. मला झोप येतेय."

ती खरंच झोपली. गाडी नौपाड्यातून बाहेर पडायच्या आत तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं, आणि कल्याण येईपर्यंत तो पेटी आणि खांदा दोन्ही न हलवता बसून राहिला. उतरताना त्याचा हात बधिर झाला होता. पेटीत चार अंश होते.

रंगूबाईंचा तो शेवटचा डोस. सुई लागली, थेंब सुरू झाले. पलंगावरून त्यांना दारातून बाहेरचा बाक दिसत होता. बाकावर निळी पेटी मांडीवर घेऊन राजरत्न झोपला होता, मान एका बाजूला, तोंड अर्धवट उघडं.

"तो पोऱ्या कवापासनं बसलाय गं," रंगूबाई म्हणाल्या. "त्याचा कोन हाय आत?"

रुचितानं थेंबांचा वेग बघितला, चादर त्यांच्या पायांवर नीट केली.

"मी आहे, आजी," ती म्हणाली.