अठराशे सत्त्याहत्तरचा सेंट

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण आपल्या या मारिएटा गावात एका तांब्याच्या सेंटने लग्न जमवलंय! सभेला आलेल्या नाणी जमवणाऱ्यांनो, हसू नका. ऐका.

एकोणीसशे छत्तीस सालचा नोव्हेंबर. नदीवरून बर्फाळ पाऊस नुसता झोडपत होता. बँकेच्या खिडकीत अडेला बसलेली. समोर रॉस्को आला... टोपी भिजलेली, हातात सेंटांची कागदी गुंडाळी.

"पुन्हा तुम्ही? शनिवारी सेंट नेता, सोमवारी तेच परत आणता. बँकेचं काय भलं होणार यात?"

"बँकेचं नाही... माझं होतं. आठवड्यातून दोनदा तुम्ही दिसता."

अडेलाने मान खाली घातली आणि एकाच कागदावर दोनदा शिक्का मारला.

रॉस्कोकडे सेंट बसवायचा भोकाभोकांचा पुठ्ठा होता, दर सालच्या सेंटला एक भोक; नेलेल्या गुंडाळ्यांत तो हवं ते साल शोधायचा. एक भोक सोडून सगळी भरलेली. उरलं होतं दुर्मिळ अठराशे सत्त्याहत्तर.

"ते आता राहिलंच," तो म्हणाला. "गिरणी बंद पडली. पुढच्या रविवारी डेट्रॉइटला चाललोय."

"एकटेच?"

"तेच... अजून ठरत नाहीये."

त्या 'ठरत नाहीये'वर अडेला आठवडाभर जगली. रोज गल्ला चाळत राहिली, आणि गुरुवारी चक्क ते नाणं सापडलं! काळपट, मळकट. असं कसं द्यायचं? रात्री व्हिनेगर-मीठ लावून तिने ते लख्ख घासलं.

शनिवारी तिने नाणं हळूच पुढे सरकवलं.

"आता तरी ठरेल?"

रॉस्कोने ते उचललं... आणि त्याचा चेहराच उतरला. साठ वर्षांनी चढवलेला तो तपकिरी रंग! जाणता माणूस त्याला बोटही लावत नाही; घासलं की नाण्याची किंमत गेलीच.

"कुणी घासलं हे?"

"मी... तुमच्यासाठी."

बाहेर पाऊस. आणि मंडळी, रॉस्को खो-खो हसला! म्हणाला, "इतकं चकाकणारं सत्त्याहत्तर अख्ख्या ओहायोत कुणाकडे नसेल! रविवारची दोन तिकिटं काढतो —"

"खोटं!"

सभेच्या मागच्या रांगेत पांढऱ्या केसांची अडेला उभी राहिली होती.

"हसला बिसला नाही तो. 'कुणी घासलं' एवढंच विचारलं आणि गेला. दारापाशी थांबला होता... बराच वेळ. मीच हाक मारली नाही."